‘आपोआप चालते’ हे लेखी द्या

परवा भाच्याच्या नव्या गाडीतून मुंबईला निघालो होतो. तळेगावचा टोल मागे पडला आणि पठ्ठ्याने स्टिअरिंग सोडलं. “मामा बघ, आपोआप चालते.” दोन्ही हात मांडीवर, तोंड माझ्याकडे, काटा ९८ वर. थोड्या वेळाने डॅशबोर्डवर पिवळं चिन्ह लागलं, टुंग वाजलं. त्याने एका बोटाने स्टिअरिंग जरासं हलवलं, की पुन्हा हात मांडीवर. तेवढ्यात आमच्याच लेनमध्ये बंद पडलेला ट्रक दिसला. मागे दगड लावलेले, झाडाची फांदी खोचलेली. मी ओरडलो, त्याने ब्रेक दाबला. गाडी स्वतःहून थांबली असती का, हे बघत बसायची माझी तयारी नव्हती.

खूप बोललो त्याला. स्टिअरिंगवर तू आहेस, माणूस मेला तर तुझ्या हातून मेला. हे माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही. पण तो म्हणाला, “शोरूममध्येच सांगितलं, सर, हायवेला तुम्ही फक्त बसायचं.” घरी आल्यावर मॅन्युअल काढलं. त्यात लिहिलंय की हात स्टिअरिंगवर हवेत, नजर रस्त्यावर हवी, आणि थांबलेलं वाहन ओळखलं जाईलच असं नाही. विकताना एक बोलायचं आणि अंगाशी आलं की मॅन्युअल पुढे करायचं, याला मी फसवणूकच म्हणतो.

एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ‘की लार्गो’ या ठिकाणी एक टेस्ला गाडी ऑटोपायलटवर, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर चालली होती. चालकाचा फोन खाली पडला, तो उचलायला तो वाकला. पाय ॲक्सिलरेटरवरच होता. रस्ता संपत होता, थांबा अशी पाटी होती, लाल दिवा लुकलुकत होता. गाडी ताशी शंभरच्या आसपास वेगाने तशीच पुढे गेली आणि कडेला उभ्या असलेल्या गाडीवर आदळली. त्या गाडीजवळ उभी असलेली २२ वर्षांची मुलगी जागीच गेली, तिचा मित्र जबर जखमी झाला. तिने कुठलंही ऑटोपायलट विकत घेतलं नव्हतं, कसल्याही अटी मान्य केल्या नव्हत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्यूरीने ६७ टक्के दोष चालकाला दिला आणि ३३ टक्के टेस्लाला. कंपनीने सुमारे २४ कोटी डॉलर भरावेत, असा निकाल लागला. पाय ॲक्सिलरेटरवर होता, हा कंपनीचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. तरीही ती वाटणी मला पटते, कारण त्या माणसाच्या मनात हा भरवसा कुणीतरी पेरला होता.

२०१६ मध्ये टेस्लाने एक व्हिडिओ काढला होता. सुरुवातीलाच पाटी: चालकाच्या जागी बसलेला माणूस केवळ कायद्यापुरता आहे, तो काहीही करत नाहीये. पुढे कंपनीच्याच ऑटोपायलट सॉफ्टवेअरच्या प्रमुखाने २०२२ च्या जबानीत सांगितलं, की तो रस्ता आधीच नकाशात भरून ठेवला होता, आणि चित्रीकरणाच्या वेळी गाडी पार्किंगमधल्या कुंपणाला धडकलीही होती. व्हिडिओत यातलं काही नव्हतं. टेस्लाच्याच याहून पुढच्या यंत्रणेच्या ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ या नावापुढे ‘सुपरवाइज्ड’, म्हणजे माणसाने लक्ष ठेवायचं, हा शब्द लागायला २०२४ उजाडलं.

आणि नुसतं लक्ष ठेवणं सोपं असतं का? गाडी चालवणारा माणूस जागा असतो, कारण हातपाय कामात असतात. काहीच न करता तासभर रस्त्याकडे टक लावून बसा, आणि एका सेकंदात सगळं हातात घ्या, ही अपेक्षाच माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. मर्सिडीजने जर्मनीत २०२२ पासून वाहतूक कोंडीत गाडी स्वतः हळू चालवणारी यंत्रणा दिली आणि सांगितलं, ती चालू असताना तिच्या चुकीची जबाबदारी आमची. हे बोलायला हिंमत लागते. म्हणून असं बोलताना त्यांनी वेगालाही मर्यादा घातली.

जुलै २०२५ मध्ये टेस्लाचं शोरूम मुंबईत बीकेसीला उघडलं. तेव्हा फुल सेल्फ-ड्रायव्हिंगचे जादा सहा लाख होते. नाव तेच, रस्ते आपले: पट्टे पुसलेले, उलट्या दिशेने येणारी बाइक, मधोमध बसलेली गाय. उद्या कुणी दगावलं तर पोलीस आधी स्टिअरिंगमागच्या माणसालाच धरतील. ‘फक्त बसायचं’ म्हणणारा तोवर पुढचं गिऱ्हाईक करत असेल.

भाच्याला मी एकच करायला लावलं. त्याच सेल्समनला व्हॉट्सॲप केलं: “हायवेला गाडी आपोआप चालते, हे कंपनीच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी द्याल का?” दोन निळ्या टिका आल्या. मग उत्तर आलं, “सर, फोनवर बोलतो.” आज नववा दिवस, कागद आलेला नाही. भाचा सध्या दोन्ही हातांनी चालवतोय.