हिरवी तार गुंडाळून ठेवावी

कार्यालयांत टेलिफोन यंत्रणा बसवून देणाऱ्या बंधूंनी नव्या ईपीएबीएक्सचे, म्हणजे कार्यालयातल्या अंतर्गत फोन एक्सचेंजचे, खोके उघडताच माहितीपुस्तिका बाजूला ठेवून द्यावी. तिच्यात अर्थिंगविषयीची वाक्ये जाड ठशात छापलेली असतात आणि ती वाचल्याने मनात नसत्या शंका उत्पन्न होतात. यंत्राच्या साऱ्या तारांमध्ये अर्थची हिरवी तार ही एकटीच अशी आहे की जी न जोडताही फोन खणखणीत वाजतो. तेव्हा ती शोभेसाठीच दिलेली असणार, हे चतुर माणसाला सांगावे लागू नये.

प्लगमधली अर्थची लांब, जाड पिन सॉकेटमध्ये जाताना त्रास देत असेल, तर ती मोडून टाकावी.

पाण्याचा नळ जवळ असल्यास तार त्याला बांधावी. नळ पुढे प्लास्टिकचा निघाला तरी हरकत नाही.

सॉकेटमध्ये अर्थ आलेलीच नसेल, तर न्यूट्रलपासून तारेचा एक तुकडा तिसऱ्या छिद्राला जोडून द्यावा. चाचणीचा दिवा लागतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पुढे कधी न्यूट्रल मागच्या बाजूला तुटला, तर यंत्राच्या धातूच्या पेटीत वीज उतरते खरी. परंतु तोवर आपले बिल वसूल झालेले असते.

एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या फोन लाइनी जिथे येऊन जोडल्या जातात त्या चौकटीवर, सर्ज प्रोटेक्टर मात्र अवश्य बसवावेत, कारण ते बिलात स्वतंत्र दाखवता येतात. त्यांच्या आत वायूने भरलेली एक नळी असते. एरवी ती वीज वाहू देत नाही, पण लाइनवरचा दाब काही शे व्होल्टच्या पलीकडे गेला की क्षणार्धात वाहक बनते आणि आलेली लाट जमिनीकडे वळवते. जमिनीकडे वळवते ती अर्थच्या तारेतून, आणि ही तार आमच्या कार्यालयात कुठे होती? गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दूर कुठेतरी वीज पडली, आमची सोळा एक्सटेन्शन्स एकाच वेळी मुकी झाली आणि पेटी उघडली तेव्हा आतली दोन सर्किट कार्डे काळवंडलेली दिसली. पेटीच्या मागे हिरवी तार होती, नव्हती असे नाही. तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप चिकटवलेली होती आणि पाच-सहा वेढे घेऊन ती इतकी नीटनेटकी गुंडाळून ठेवलेली होती की, ते काम विसरभोळेपणाचे नसून जाणीवपूर्वक केलेले आहे, याविषयी संशयाला जागा उरू नये. जिला जायला वाट नाही अशी लाट प्रोटेक्टरने मग लाइनच्या दोन्ही तारांवर सारखी वाटून सरळ कार्डात पाठवली. वॉरंटीवाल्यांनी ती गुंडाळी पाहिली, तिचे छायाचित्र घेतले आणि ‘अर्थिंग नाही’ असा शेरा मारून ते निघून गेले. बसवणाऱ्या गृहस्थांना फोन केला, तो अर्थातच मोबाइलवरून, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, आठ महिने फोन चालला की नाही?”

एखाद्या चिकित्सक गिऱ्हाइकाने आग्रहच धरला, तर आवारात एक वेगळा रॉड ठोकून ‘स्वतंत्र अर्थ’ द्यावी आणि ती इमारतीच्या मुख्य अर्थला मुळीच जोडू नये. दहा ओहमच्या अशा रॉडमधून १,००० अँपिअर गेले, तर दोन अर्थमध्ये १०,००० व्होल्टचा फरक पडतो आणि तो भरून काढायला यंत्रातली कार्डे मध्ये उभीच असतात.

पूर्वीचे एक्सचेंजवाले याबाबतीत फारच मागासलेले होते. जमिनीखालच्या तांब्याच्या केबली ओलाव्याने झिजू नयेत, म्हणून ते ४८ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक मुद्दाम अर्थला जोडत असत. जमिनीचा विचार ते आधी करीत.

बंधूंनो, हे सल्ले इथेच पुरे. तुम्हाला सगळे ठाऊक असते. तार तांब्याची, पुरेशी जाड, आखूड आणि सरळ हवी. ती इमारतीच्या मुख्य अर्थ पट्टीलाच जोडायची. तारेच्या टोकाला बसवलेल्या लगखालचा रंग खरवडायचा, अर्थ टेस्टरने रोध मोजायचा आणि तो आकडा कागदावर लिहून द्यायचा, यांतले एकही काम तुमच्या आवाक्याबाहेरचे नाही. तुम्ही ते करत नाही, कारण ते दिसत नाही आणि सही करणारा माणूस पेटीच्या मागे वाकून पाहत नाही. मीही पाहिले नाही, हा माझा दोष. पण ती टेप चिकटवणारे हात तुमचे होते आणि तार गुंडाळण्यात जेवढा वेळ घालवलात, तेवढ्यात ती जोडून झाली असती.