‘कमी पॉवरची एअरगन गळ्यात मारली’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. शनिवारी गर्दीत तुम्हाला ताटकळत थांबावं लागलं आणि काउंटरवरचा आमचा मुलगा जरा तुसडेपणाने बोलला, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. त्याला समज दिली आहे.

आता बाकीचं. तुम्ही लिहिलंय की .२२ इंच भोकाच्या नळीची एअरगन मागितली तरी दिली नाही, .१७७ ची गळ्यात मारली. खोक्यावर १००० फूट प्रति सेकंद छापलंय आणि मित्राच्या क्रोनोग्राफवर (छर्‍याचा वेग मोजायच्या यंत्रावर) ६९० आलं, म्हणजे दुकानदाराने फसवलं. स्प्रिंग बदलून मागितली तर नाही म्हटलं. वर आधारची झेरॉक्स घेऊन गुन्हेगारासारखं वागवलं. यातलं ‘फसवलं’ हे मनाला फार लागलं. वडिलांपासूनचं दुकान आहे, आणि हल्ली लोक पायरी चढायच्या आधी रिव्ह्यू वाचतात.

.२२ बद्दल तुम्हाला काउंटरवर सांगितलं होतं, पुन्हा सांगतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे एअर रायफलच्या नळीचं भोक (बोअर) ४.५ मिमी, म्हणजे .१७७ इंचापेक्षा मोठं असेल, किंवा तिची ताकद २० ज्यूलच्या (ज्यूल म्हणजे ऊर्जा मोजायचं माप) वर असेल, तर परवाना लागतो. दोन्हीतलं एक जरी ओलांडलं तरी लागतो. म्हणून .२२ कितीही मवाळ असली तरी ती परवान्यातच येते. तुम्ही मोबाइलवर जो व्हिडिओ दाखवत होतात, त्यातला माणूस इंग्लंडचा होता, साहेब. तिकडे १२ फूट-पाउंडपर्यंत, म्हणजे साधारण १६ ज्यूलपर्यंतची एअर रायफल बिनपरवाना चालते आणि बोअरची अट नाही, म्हणून तो .२२ हातात घेऊन निवांत बोलतोय. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून त्याच रायफलीला सर्टिफिकेट लागतं. जर्मनीत बिनपरवाना मर्यादा साडेसात ज्यूलवरच संपते. ज्याचा त्याचा कायदा. आपल्याकडे जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तालयाचा परवाना आणा, .२२ आम्ही आनंदाने देऊ. आमचाही विक्रीचा परवाना आहे, त्याचंही नूतनीकरण करावं लागतं. एका गिऱ्हाइकाच्या हौसेपायी तो पणाला लावायचा का?

आता तो १००० चा आकडा. खोक्यावरचा वेग कंपनी हलक्या धातूच्या छर्‍यावर मोजते, वजन जेमतेम ०.३४ ग्रॅम. जाहिरातीत आकडा मोठा दिसावा म्हणून, दुसरं काही नाही. हे आम्हालाही आवडत नाही, पण खोकं आम्ही छापत नाही. तुम्ही स्वतः शोकेसमधून कुठला डबा उचलला आठवतंय का? ०.६७ ग्रॅमचे जड छर्रे. मुलाने मधल्या वजनाचे सुचवले, तर तुम्ही म्हणालात, “जड म्हणजे जोरात बसणार.” त्याच स्प्रिंगने दुप्पट वजन ढकललं तर वेग पडणारच. ताकद म्हणजे वजन (किलोत) गुणिले वेगाचा (मीटर प्रति सेकंदात) वर्ग, भागिले दोन. हिशोब करून बघा: हलका छर्रा १००० फुटांनी गेला तर पावणेसोळा ज्यूल, तुमचा जड छर्रा ६९० ने गेला तर पावणेपंधरा. एका ज्यूलचा फरक! आणि त्यावर तुम्ही ‘निम्मी पॉवर काढून घेतली’ असं लिहिलंत.

तोही एक ज्यूल कुठे गेला असेल, सांगू का? रायफल काउंटरवर ठेवल्या ठेवल्या तुम्ही नळी खाली दुमडून स्प्रिंग ताणलीत (कॉक केली) आणि छर्रा न घालता खटका ओढलात. मुलगा “नको, नको” म्हणेपर्यंत दुसऱ्यांदा. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा असला की पिस्टनसमोर हवेची गादी तयार होते. छर्रा नसेल तर हवा सरळ निघून जाते आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळतो. पिस्टनवरचं हवा अडवणारं सील तिथेच खराब होतं. हे तुमच्या रिव्ह्यूत नाही, म्हणून इथे लिहावं लागलं.

जास्त ताकदीची स्प्रिंग आम्ही कोणालाच बसवून देत नाही. २० ज्यूलच्या आतली रायफल आमच्या हाताने वर गेली, तर ती तुमच्या घरात बिनपरवाना शस्त्र ठरेल आणि आमच्या दुकानात बेकायदा काम. आणि जास्त ताकद हवी तरी कशाला? नेमबाज अभिनव बिंद्रांनी २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला सुवर्णपदक घेतलं, नेमबाज रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोला विश्वविजेतेपद घेतलं, दोघांचीही रायफल .१७७ चीच. दहा मीटरच्या मॅचच्या रायफली साडेसात-आठ ज्यूलच्या आसपास असतात. तुमची त्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे. टार्गेटला, डब्यांना ती भरपूर झाली. कबुतरांचं तुम्ही हसत हसत बोललात, पण पक्ष्यांवर एअरगन चालवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात महागात पडतं. अरुणाचलमध्ये तर २०२१ पासून लोकांनी एअरगन सरकारजमा कराव्यात म्हणून मोहीमच चालू आहे. असे प्रकार वाढले की उद्या नियम आणखी कडक होतील आणि मरण आमचंच.

आधारची झेरॉक्स आम्ही प्रत्येकाची घेतो. आमच्या शेजाऱ्यांची घेतली, सख्ख्या मेहुण्याची घेतली. अठराच्या आतल्याला तर बापाने आणलं तरी त्याच्या नावावर पावती होत नाही. यात अपमान कसला?

बाकी, काउंटरवर ज्यूल आणि छर्‍यांच्या वजनाचा एक तक्ता लावायचा विचार आहे, शनिवारी आणखी एक माणूस ठेवता येतो का तेही बघतोय. तुमची रायफल घेऊन या, सील तपासून देतो, गरज असेल तर बदलून देतो, पैसे नकोत. येताना छर्‍यांचा तोच डबा आणा, तुमच्यासमोर आमच्या क्रोनोग्राफवर मोजू. आकडा पटला तर रिव्ह्यूतला ‘फसवलं’ तेवढा काढा, स्टार एकच राहिला तरी चालेल.

स्प्रिंगचं मात्र परत विचारू नका.

— दुकानमालक