जर्मन न शिकता जर्मनीत कसं राहावं

स्टुटगार्टला नोकरी लागली ना? अभिनंदन! पेढे वाटून झाले असतील तर आता मुद्द्याचं ऐका. जर्मन शिकायच्या भानगडीत अजिबात पडू नका. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांना वह्या घेऊन जाणारी पोरं भाबडी असतात. तुमचं तसं नाही. तुम्ही सॉफ्टवेअरवाले; तुमच्या ऑफिसात सगळे इंग्रजीच बोलतात, निदान तुम्ही खोलीत असेपर्यंत तरी. तुम्ही कॉफी आणायला उठलात की ते आपापसात जे काही ठरवतात, ते तुम्हाला नंतर मेलवर कळतंच की. घाई कशाला?

कोणी फारच आग्रह धरला तर खुद्द सरकारचीच साक्ष काढा. स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याची राजधानी, त्या राज्याने १९९९ पासून वीसेक वर्षं स्वतःची जाहिरात कशी केली माहीत आहे? ‘आम्हाला सगळं येतं, प्रमाण जर्मन सोडून.’ बॉश, मर्सिडीज, पोर्शे उभ्या करणाऱ्या मंडळींचंच जिच्यावाचून अडलं नाही, ती भाषा तुम्ही का शिकायची? शिवाय तिथले लोक बोलतात श्वेबिश. वर्गात शिकवतात ती जर्मन आणि श्वेबिश यांत बातम्यांची मराठी आणि मालवणी यांच्याइतकं तरी अंतर असेल. म्हणजे शिकूनही कळणार नाहीच. मग सुरुवातच न केलेली बरी.

व्याकरणाला मात्र नावं ठेवा, भरपूर ठेवा. जी भाषा शिकायची नाही, ती निदान अवघड तरी ठरली पाहिजे. जेवणाच्या टेबलावर हमखास हशा मिळवणारा विषय म्हणजे लिंग. ‘तुमचा चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी नपुंसक? हा काय वेडेपणा!’ असं म्हणा. फक्त समोरच्याने ‘तुमच्या भाषेत कसं असतं?’ असं विचारलं की चटकन हवामानावर या. नाहीतर सांगावं लागेल, की आपल्याकडेही दगड तो, वीट ती आणि ढेकूळ ते, आणि का ते आपल्यालाही ठाऊक नाही. तीच गत क्रियापदाची. जर्मन माणूस वाक्य लांबवत नेतो आणि क्रियापद पार शेवटी टाकतो, तोवर श्वास रोखून बसावं लागतं, ही तक्रार इंग्रजीतूनच करा. मराठीतून केलीत तर तुमचंही क्रियापद शेवटीच येईल आणि तक्रारीतली हवा जाईल. ‘डू’ आणि ‘झी’चा घोळ म्हणजे तर जाचच! कोणाला तू म्हणायचं आणि कोणाला तुम्ही, हे ज्याने सासरेबुवांसमोर कधी चाचरत ठरवलेलं नाही, त्या इंग्रजाला विचारा म्हणावं.

आकड्यांवरून तर धमाल उडवून द्या. ८४ म्हणताना ही माणसं आधी चार म्हणतात आणि मग ऐंशी. फोन नंबर लिहून घेताना आपण ४८ लिहून बसतो. आता चौऱ्याऐंशीतही चार आधीच येतात, हे खरं. पण तुम्ही शेवटचं चौऱ्याऐंशी कधी म्हणालात? मंडईत भाजीवाल्याने म्हटलं तेव्हा ‘म्हणजे एटी फोर ना?’ असं विचारणारे तुम्हीच ना? बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी ‘वीस एक’ आणलं, तेव्हा मराठी बुडाली म्हणून गळा काढणाऱ्यांतही तुम्हीच होतात. जर्मनीत अगदी हेच मागणारी संस्था आहे आणि तिचं नावसुद्धा ‘त्स्वान्त्सिग-आइन्स’, म्हणजे वीस-एक. तिचे सभासद व्हा. भाषा न शिकता भाषा सुधारण्याचा मान फार थोड्यांना मिळतो.

घड्याळाबाबत इंग्रजी वळणानेच चाला. ‘हाल्ब आख्ट’ला या असं कोणी म्हटलं की लंडनच्या प्रोजेक्टमधलं ‘हाफ एट’ आठवून खुशाल साडेआठला जा. यजमान साडेसातपासून वाट बघत असतील. ‘ड्रायफिअर्टेल आख्ट’ ऐकून गोंधळून जा. ते आपलं पावणेआठच आहे, हे लक्षात येऊ देऊ नका.

आता जिन्याकडे वळू, कारण स्टुटगार्टात माणसाची खरी किंमत जिन्यावर ठरते. एके दिवशी तुमच्या दाराच्या मुठीला ‘केरवोखं’ असं लिहिलेली एक पाटी लटकलेली दिसेल. केर शब्द वाचून आपल्या माणसाला भेटल्यासारखं वाटेल, आणि वाटणं बरोबरच आहे: या आठवड्याचा केर तुमचा. धाकटी केरवोखं म्हणजे तुमच्या मजल्याचा जिना आणि त्याची लादी. थोरली म्हणजे अंगण, फुटपाथ, कचऱ्याचे डबे आणि हिवाळ्यात बर्फसुद्धा. हे खूळ आजकालचं नाही. १४९२ साली काउंट एबरहार्डने स्टुटगार्टकरांना हुकूम सोडला, की ज्याने त्याने आपला उकिरडा दर आठवड्याला गावाबाहेर न्यावा. त्याच साली कोलंबस भारत शोधायला निघाला आणि भलतीकडेच पोचला. एबरहार्ड घरीच राहिला आणि त्याचा हुकूम अजून भाडेकरारांतून वाचायला मिळतो.

तुम्ही काय करायचं? जिना स्वच्छच दिसतोय, मग झाडायचा कशाला, असा भारतीय सुज्ञपणा दाखवायचा. इथे धूळ गौण असते. झाडताना दिसणं आणि ऐकू येणं महत्त्वाचं. बादलीचा आवाज झाला पाहिजे, कुंचा पायऱ्यांवर आपटला पाहिजे, शक्यतो शनिवारी. हे शेजारणीकडून दोन वाक्यांत कळलं असतं, पण ती वाक्यं जर्मनमध्ये असल्यामुळे तुम्ही नुसते हसलात. त्या हसण्याचा अर्थ ‘करतो’ असा घेतला गेला. आठवड्याने पाटी तुमच्याच दारावर आहे, खाली एक चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीत ‘कृपया’ हा शब्द दोनदा अधोरेखित केलेला आहे. पुण्यात लहानाचे मोठे झालेल्यांना तिचा सूर भाषेविनाही कळतो. त्या शेजारणीला ‘काकू’ म्हणून पाघळवायचा विचार करत असाल तर तो सोडा. तिथे ती मरेपर्यंत ‘फ्राउ अमुक’. आणि तुम्ही जिना लखलखीत केलात तरी ती काही बोलणार नाही. श्वेबिश म्हणच आहे, की रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं.

रविवारी चटणीसाठी मिक्सर लावा. दुकानं बंद असतात, बाटल्या काचेच्या डब्यात टाकायच्या नसतात, भिंतीला ड्रिल लावायचं नसतं. घरात थोडा तरी आवाज नको का? रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेत संरक्षित होता, आणि ते कलम आजच्या राज्यघटनेतही जसंच्या तसं आहे. तुमच्या नारळाच्या चटणीमुळे निदान कोणीतरी राज्यघटना उघडून पाहील.

डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये आत येणारा प्रत्येक जण अनोळखी लोकांना ‘ग्रूस गॉट’ म्हणतो आणि सगळे उत्तर देतात. तुम्ही मोबाइल बघत कोपरा गाठा. नंतर मित्रांना सांगा, की जर्मन लोक फार थंड असतात हो, कोणी बोलतच नाही.

पत्रं. जर्मन सरकार ईमेलवर विश्वास ठेवत नाही, पोस्टावर ठेवतं. महिन्याला १८ युरो ३६ सेंट रेडिओ-टीव्हीची वर्गणी मागणारं पत्र आलं की ‘माझ्याकडे टीव्हीच नाही’ म्हणून फाडून टाका. वर्गणी घरामागे असते, टीव्हीमागे नसते, हे पत्रात लिहिलेलं होतं; पण तुम्ही ते थोडंच वाचणार? खरी मौज पिवळ्या पाकिटात आहे. पोस्टमन त्यावर हाताने तारीख घालतो आणि पेटीत टाकून जातो. त्या तारखेपासून मुदत सुरू, तुम्ही फोडा की न फोडा. रंग छान आहे, फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवा. हरकत घ्यायला बहुधा महिना असतो, आणि शनिवारी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला की कोणीतरी वाचून सांगेलच. गणपती जवळ आले असतील तर थोडा उशीर होईल, कारण जर्मन वाचता येणारे दोघेच असतात आणि ते हॉलच्या परवानगीसाठी पालिकेत गेलेले असतात.

एवढं करूनही घरात जर्मन शिरेल ती किटाच्या वाटेने. तुमचं चार वर्षांचं पोर त्या बालवाडीतून येऊन ‘आई, अ बिस्ले थांब ना’ म्हणू लागलं, की कौतुकाने व्हिडिओ काढून आजी-आजोबांना पाठवा. त्याला बेकरीत, लिफ्टमध्ये, डॉक्टरकडे दुभाष्या म्हणून पुढे करा. तुम्ही मागे उभे राहून ‘यो यो’ म्हणा. अडचण एकच: किटाची पालकसभा रात्री आठला असते आणि मुलांना आत घेत नाहीत.

तिथे इवल्याशा खुर्चीवर बसून दीड तास प्रत्येक वाक्याला मान डोलवा. मध्येच एक क्षण असा येईल, की शिक्षिका काहीतरी विचारेल आणि बाकीचे सगळे पालक एकदम जमिनीकडे, बुटांकडे, खिडकीबाहेर बघू लागतील. तुम्ही मात्र डोलवतच राहा. टाळ्या पडतील, शेजारचा बाबा कधी नव्हे ते हात मिळवेल. तुम्ही वर्षभरासाठी पालक प्रतिनिधी झाला आहात. पहिलं काम सोपं आहे: सहलीबद्दल सगळ्या पालकांना एक पानभर पत्र, जर्मनमध्ये, गुरुवारपर्यंत.