जोकर म्हणजे टॅरोमधला ‘मूर्ख’ नव्हे

आजचे पत्ते हे टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगण्यासाठीही वापरल्या जाणाऱ्या चित्रपत्त्यांच्या, ७८ पानांचे छाटलेले रूप असून, त्यातली २२ गूढ पाने चर्चच्या धाकाने काढली गेली आणि ‘मूर्ख’ हे एकच पान जोकर म्हणून मागे उरले, असा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो.

यातला क्रमच उलटा आहे. साधे पत्ते युरोपात १३७० च्या दशकात दिसू लागतात. फ्लॉरेन्समधला त्यांच्यावरचा निर्बंध १३७७ सालचा आहे. टॅरोची चित्रपाने त्याच पत्त्यांत भर म्हणून उत्तर इटलीत आली, तीही १४४० च्या सुमारास. शिवाय ती कोणी काढून टाकलेली नाहीत, कारण फ्रान्स आणि ऑस्ट्रियात टॅरोचे डाव आजही रंगतात.

ही पाने मुळात हुकमाची होती, हात करण्यासाठी वापरायची. त्यांत प्राचीन इजिप्तचे ज्ञान दडले आहे, हे कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने पॅरिसमध्ये १७८१ साली लिहिले, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणाला वाचताही येत नव्हती!

जोकर जन्मला अमेरिकेत, १८६० च्या दशकात, यूकर या खेळासाठी. यूकरमध्ये हुकमाच्या एक्क्यापेक्षा गुलाम मोठा असतो: बदाम हुकूम असेल तर बदामचा गुलाम सर्वांत वरचा आणि त्याखालोखाल दुसरा लाल गुलाम, म्हणजे चौकटचा. या दोघांना ‘बावर’ म्हणत. जर्मन खेळाडू गुलामाला ‘बाउअर’, म्हणजे शेतकरी, म्हणत असत, त्याचेच हे रूप. या दोन्ही बावरांना मारू शकेल असे ‘बेस्ट बावर’ नावाचे जादा पान छापले जाऊ लागले आणि तेच पुढे जोकर झाले.

‘मूर्ख’ पानाचे काम याच्या अगदी विरुद्ध होते. उतारीच्या रंगाचे पान टाकण्याची सक्ती चुकवण्यासाठी ते खेळत आणि एरवी त्याने हात होत नसे. फ्रेंच खेळात तर त्याचे नावच ‘माफी’ या अर्थाचे आहे. सर्वांना मारणारे पान आणि कोणालाच न मारणारे पान यांचे नाते केवळ विदूषकी पोशाखावरून जुळवणे धाडसाचे आहे, कारण बेस्ट बावरच्या सुरुवातीच्या पानांवर विदूषक नव्हताच.

यूकर हे नाव ज्या ‘युकरश्पील’ या आल्सेसमधल्या (आजच्या फ्रान्सच्या जर्मनीलगतच्या प्रांतातल्या) खेळावरून आले असे मानतात, त्याचेच इंग्रजी तोंडी बसलेले रूप म्हणजे जोकर, हा तर्क मला अधिक पटतो. निदान तो त्या पानाच्या स्वतःच्या खेळातून निघालेला आहे.