पैशाचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. आमच्या कंपनीत याचा अर्थ असा की वेबसाइटच्या टेस्टिंगला खरे फोन मिळणार नाहीत. माझ्या विंडोजच्या लॅपटॉपनेच आयफोन व्हायचं, आयपॅड व्हायचं, मॅकही व्हायचं. प्रत्येक सोंगाला ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल.

ब्राउझर प्रत्येक साइटला आपली ओळख सांगतो, ती यूजर एजंट नावाची एक ओळ बदलली की ब्राउझर "मी आयफोन" म्हणू लागतो. पण बहुरूपी फौजदार होऊन आला आणि पायात स्लीपर असली, की पोरंसुद्धा खिदळतात. ओळ म्हणते आयफोन. साइटने प्लॅटफॉर्म विचारला तर उत्तर विन-३२, म्हणजे विंडोज. स्क्रीनवर एकावेळी किती बोटं ओळखतोस? शून्य. (खरा आयफोन पाच सांगतो.) ब्राउझरमध्ये ग्राफिक्स काढणारं वेबजीएल तर इतकं भाबडं, की ग्राफिक्स कार्डाचं नावगाव सांगून मोकळं. कॅलिफोर्नियाचा ग्राहक झालो, तर घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ३३० मिनिटं पुढे, अस्सल भारतीय! मग साइटला संशय येतो आणि मी पगारी माणूस असूनही मला चित्रांतले झेब्रा क्रॉसिंग मोजायला बसवतात.

खोटं बोल पण रेटून बोल, हे इथे पुरत नाही. सगळ्यांनी एकच खोटं बोलावं लागतं.

बरं, ज्यांची नक्कल करायची ते तरी कुठे सरळ आहेत? क्रोम ओळख सांगताना 'मोझिला'पासून सुरुवात करतो आणि जाता जाता 'सफारी' हे ॲपलच्या ब्राउझरचं नावही लावून घेतो. ॲपलने २०२० मध्ये स्वतःच्या चिपचे मॅक आणले, तरी ते आपलं जुन्या इंटेल चिपच्या नावाचं 'मॅकइंटेल'च सांगतात. आयपॅडची सफारी २०१९ पासून स्वतःला मॅक म्हणवते. म्हणजे मी मॅकचं सोंग घेतलेल्या आयपॅडचं सोंग घ्यायचं! मॅकची बोटं शून्य, आयपॅडची पाच. या पाच बोटांवर आमचं सगळं नाटक उभं.

एवढं जुळवून आणलं, तरी पान मांडणारं आतलं इंजिन क्रोमचंच. परवा क्लायंटच्या आयफोनवर 'पैसे भरा'चं बटण सफारीच्या खालच्या पट्टीमागे दडलं. माझ्या आयफोनला ती पट्टीच नाही.

"पण तुमच्याकडे तर छान दिसतंय!" सर म्हणाले.

"सर, माझ्याकडे आयफोन नाही."

ऑफिसात खरा आयफोन एकाच्याच खिशात निघाला. नवा इंटर्न, हप्त्यांवर घेतलेला. आता सर त्याला 'अहो' म्हणतात, आणि तो जेवायला गेला की रिलीज थांबतं.