लुआजिटने सीला हरवलं, पण नेमकं कशात?

एका भाषेतून दुसऱ्या भाषेतलं फंक्शन बोलवायला किती वेळ लागतो, याचा एक तक्ता प्रोग्रामर मंडळींमध्ये अधूनमधून फिरत असतो. आकड्यात एक मिळवणारं ‘प्लसवन’ हे सी भाषेतलं फंक्शन प्रत्येक भाषेतून कोट्यवधी वेळा कॉल करायचं आणि वेळ मोजायचा. लुआ भाषेचे प्रोग्राम चालवणारं लुआजिट खुद्द सीच्याही पुढे, गो ही भाषा पार मागे. आकड्यांशी माझं भांडण नाही. त्यांवरून काढलेल्या निष्कर्षांशी आहे.

‘लुआजिट सीपेक्षा वेगवान.’ अहो, दोन्हीकडे चालतं ते सीचंच फंक्शन! फरक आहे तो तिथवर पोचण्यात. प्लसवन शेअर्ड लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रामबाहेरच्या वेगळ्या फाइलीत बसलंय. सी प्रोग्राम कंपाइल होताना त्याचा पत्ता ठाऊक नसतो, म्हणून प्रत्येक कॉल पीएलटी नावाच्या टेबलातून वळसा घेतो. लुआजिट प्रोग्राम चालू असताना मशीन कोड बनवतं. तोवर पत्ता हाती आलेला असतो, म्हणून थेट उडी. सीमध्ये हेच फंक्शन स्टॅटिक लिंक करा, म्हणजे प्रोग्राममध्येच जोडून टाका, वळसा गेला. लिंक करताना इनलाइन झालं, म्हणजे त्याचा कोड कॉलच्या जागीच आला, तर कॉलच उरत नाही.

‘गोमधून सीच्या वाटेला जाऊ नका.’ गोरूटीनचा, म्हणजे गोमधल्या एका हलक्या कामाचा, स्टॅक (फंक्शन चालायला लागणारी मेमरी) सुरुवातीला जेमतेम 2 केबी. सीला तो पुरायचा नाही, म्हणून कॉलपुरतं सिस्टम स्टॅकवर जायचं, कामांच्या पाळ्या लावणाऱ्या शेड्युलरला कळवायचं. समजा यात 50 नॅनोसेकंद गेले. 1920×1080 च्या फोटोत 20,73,600 पिक्सेल; दर पिक्सेलला कॉल केलात तर नुसत्या ये-जा करण्यात सुमारे 0.1 सेकंद. अख्खा फोटो एकदाच सीकडे दिलात तर तेच 50 नॅनोसेकंद. दोष सीगोचा (गोमधून सी बोलवायच्या सोयीचा) की लूप कुठे ठेवलं त्याचा?

‘कॉलचा खर्च म्हणजेच एकूण खर्च.’ प्लसवनला लागतो एक पूर्णांक, रूपांतर जवळपास शून्य. खऱ्या कामात स्ट्रिंग येतात. सीपायथनमध्ये, म्हणजे नेहमीच्या पायथनमध्ये, निव्वळ इंग्रजी मजकुराचे मेमरीतले बाइट हेच त्याचं यूटीएफ-8 (अक्षरं बाइटमध्ये लिहायची सर्रास वापरली जाणारी पद्धत) रूप, त्यामुळे सीमध्ये लिहिलेल्या एक्स्टेन्शनला थेट पॉइंटर, म्हणजे त्या मजकुराचा मेमरीतला पत्ता मिळतो. ‘पुणे’ मात्र पायथनच्या पोटात 8 बाइटचं आणि यूटीएफ-8 मध्ये 12 बाइटचं. म्हणजे पहिल्यांदा मागताना नवी जागा घ्या, एकेक चिन्ह बदला. ‘हॅलो वर्ल्ड’ इंग्रजीत पाठवून केलेल्या चाचणीत हा खर्च दिसतच नाही. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने असा तक्ता पाहून दोन भाषा जोडणारं बाइंडिंग निवडलं, तर त्याने स्वतःचं काम मोजलेलंच नसतं.