पाणी न जोखता जलअहवाल

गावाचा जलअहवाल तुमच्या गळ्यात पडला असेल तर घाबरू नका. गाव एक हजार हेक्टरांचं, पाऊस वर्षाला ६०० मिलिमीटर आणि खाली दख्खनचा काळा खडक, एवढं धरून चाला. निम्म्याहून जास्त महाराष्ट्र याच खडकावर बसलेला आहे, त्यामुळे हाच अहवाल नावं बदलून पुढच्या गावालाही लागू पडतो.

आधी मुहूर्त बघा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. सरकारी लोकांना वेळ असतो. तुम्ही ऑक्टोबरात जा. विहिरी भरलेल्या, ओढा वाहता आणि फोटोत हिरवळ. मे महिन्याचा आकडा कुणाला तरी फोन करून विचारता येतो.

विहीर कोणती निवडावी? जीप थेट जाते ती. तीही पाझर तलावाच्या भिंतीखालची मिळाली तर सोन्याहून पिवळं. तलावाचा पाझर तिला मिळत असल्यामुळे माळावरची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते तेव्हाही हिच्यात पाणी असतं. माळावर चढायचं काही कारण नाही. तिथल्या लोकांचं गाऱ्हाणं ऐकत बसावं लागतं.

आता टेप सोडा. विहिरीची स्थिर पातळी मिळायची तर मोटर आदल्या रात्रीपासून बंद हवी, कारण उपसा चालू असताना पाणी खाली ओढलेलं असतं आणि खडकातून पाझरून पूर्ववत व्हायला त्याला तास न् तास लागतात. मोजायचं एकदा मोटर बंद असताना आणि एकदा धो धो चालू असताना. दोन्ही आकडे वहीत ठेवा, पण शेजारी मोटरची स्थिती लिहू नका. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही कामाला येतात.

यापुढची युक्ती कठड्याची. खोली जमिनीपासून धरायची असते. टेप कठड्यावरून सोडली तर कठड्याची उंची वजा करावी लागते. समजा कठडा ९० सेंटिमीटरचा आहे. मे महिन्यात पाणी जमिनीपासून ७ मीटरवर होतं, ते कठड्यावरून ७.९ मोजलं आणि तसंच लिहिलं. ऑक्टोबरात ४ मीटरवर आलं, ते मात्र नीट जमिनीपासून मोजलं. पाणी चढलं ३ मीटर, अहवालात चढलं ३.९. हे ९० सेंटिमीटर पाणी गवंड्याने दिलं आहे, पण श्रेय योजनेला जाईल.

खरी मौज गुणाकारात आहे. पाणी ३ मीटर चढलं म्हणजे गावाखाली ३ मीटर पाणी साचलं, असं नसतं. खाली हौद नाही, खडक आहे. झिजलेला मुरूम आणि जाळीदार मांजऱ्या खडक शंभर भागांतून साधारण एक ते तीन भाग पाणी सोडतो, आणि काळा पाषाण भेगा नसतील तर तेवढंही नाही. याला स्पेसिफिक यील्ड म्हणतात. २ टक्के धरले तर १ हजार हेक्टर गुणिले ३ मीटर गुणिले ०.०२, म्हणजे ६ लाख घनमीटर. हजार हेक्टरांवर ६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६० लाख घनमीटर, त्यातले हे दहा टक्के झाले. या खडकात मुरण्याचं प्रमाण असंच ७ ते १३ टक्क्यांच्या घरात धरतात, तेव्हा आकडा जागेवर आहे. पण ६ लाख फारच केविलवाणं दिसतं. ०.०२ च्या जागी ०.२ टंका. एका शून्याची काय किंमत? झाले ६० लाख. गावात पडला तेवढा सगळा पाऊस जमिनीत मुरला, ओढ्याला थेंब गेला नाही आणि उन्हाने एक वाफ नेली नाही. कुणी हटकलंच तर टंकलेखनाची चूक म्हणावं. पण हटकणारा आधी गुणाकार करणारा असावा लागतो, त्यामुळे काळजी नको. (कठड्याचा वाटा इथे येतो बरं का: ०.०२ नेही तो १ लाख ८० हजार घनमीटर भरतो.)

ओढ्याकडेही एक चक्कर मारावी, जेवणानंतर पाय मोकळे होतात. सरळ वाहणारा १० मीटरचा पट्टा घ्यायचा, वरून लिंबू सोडायचं आणि सेकंद मोजायचे. लिंबू २० सेकंदांत पोचलं तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पृष्ठभागाचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून याला ०.८५ ने गुणायचं असतं. ते विसरा. मुख्य म्हणजे वेग मोरीखाली मोजा आणि रुंदी-खोली डोहाची घ्या. मोरीखाली ओढा १ मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल असतो, म्हणजे खरा प्रवाह सेकंदाला ८५ लिटर. डोह ६ मीटर रुंद आणि मीटरभर खोल असेल तर त्याच लिंबाने तुम्हाला ३ हजार लिटर मिळतात.

पाऊस थांबल्यावर ओढ्यात जे पाणी वाहतं, ते बहुतांशी जमिनीतूनच पाझरून आलेलं असतं. म्हणजे विहिरीचं आणि ओढ्याचं पाणी एकच. हे भूगोलाच्या मास्तरांना ठाऊक असतं, अहवालाला नसावं. एकदा भूजल म्हणून धरा, एकदा प्रवाह म्हणून, आणि खाली बंधारा असेल तर साठा म्हणून तिसऱ्यांदा. तलावाची क्षमता मात्र मूळ नकाशावरूनच उचला. ७२च्या दुष्काळात बांधलेल्या तलावात पन्नास वर्षांचा गाळ बसला आहे, पण नकाशात गाळ दाखवलेला नाही.

पाण्याच्या गुणवत्तेत फार वेळ घालवू नये. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली विसळून भरा, डिकीत ठेवा आणि चार दिवसांनी तालुक्याला गेलात की प्रयोगशाळेत द्या. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली, बर्फाची पेटी आणि २४ तासांची मुदत लागते म्हणतात. उन्हातल्या डिकीत जंतू मरतात किंवा बेसुमार वाढतात, निकाल काहीतरी येतोच. हापसा काही मिनिटं चालवून मग नमुना घ्यायचा असतो, नाहीतर पाइपात अडकून बसलेलंच पाणी तपासलं जातं. पण पाइपातलं पाणीही गावचंच ना? खिशात टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं पेन असेल तर एवढंही नको. पेन ३५० दाखवतं, पिण्याला ५०० पर्यंत उत्तम, झालं. त्या ३५० मध्ये नायट्रेट ८० आहे की ८, हे पेनाला कळत नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असेल तर भारतीय मानकात सवलत नाही आणि शेतातल्या युरियाची वाट विहिरीकडेच जाते. तरी पेन स्वस्त आहे आणि आकडा चमकतो.

नवी बोअर सुचवायची असेल तर पाणाड्याचा नारळ आणि रोधमापक यंत्र दोन्ही लावा, म्हणजे परंपरा आणि विज्ञान दोघांचा मान राहतो. ओल्या मुरमाचा विद्युतरोध कमी येतो आणि काळ्या चिकणमातीच्या जाड थराचाही कमीच येतो. फरक ओळखायला शेजारच्या विहिरीच्या भिंतीतले थर बघावे लागतात, आणि वाकून बघण्यात पडण्याचा धोका असतो. २००९ च्या भूजल कायद्यानुसार शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जाता येत नाही, पण कायदा मीटरात आहे आणि बोअरची गाडी फुटात चालते.

जमेची बाजू फुगली की खर्चाच्या बाजूला हात लावावा लागतो. इथे एकच पथ्य पाळा: उसाचं नाव काढू नका. उसाची वर्षाची तहान हेक्टरी साधारण २० हजार घनमीटर. पाऊस त्यातले ५ हजार देतो असं धरलं तरी १५ हजार मोटरचे. म्हणजे खऱ्या ६ लाखांत ४० हेक्टर ऊस बसला की गावाचं खातं बंद, ज्वारीला आणि माणसांना काही उरत नाही. उलट दोन हजार वस्तीला माणशी रोज ५५ लिटर दिले तर वर्षाला ४० हजार घनमीटर लागतात, पावणेतीन हेक्टर उसाएवढे. म्हणून अहवालात ‘पिण्याच्या पाण्याची बचत’ या विषयावर चार पानं लिहा आणि नळ नीट बंद करणाऱ्या मुलीचं चित्र टाका. पीकपाण्याच्या नोंदीत ज्वारी-हरभरा असेल तर तेच खरं माना. हिवरे बाजारला पावसाचा आकडा ग्रामसभेत मांडून त्यावर पिकं ठरवतात. त्या गावाचा फोटो मुखपृष्ठावर जरूर छापा.

शेततळं पुनर्भरणात दाखवा. तळाला प्लास्टिक आहे आणि पाणी बोअरचं आहे, म्हणजे जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात ठेवलं आहे, हे खरं. पण वरून फोटो काढला की निळंशार दिसतं.

एवढं झालं की अहवाल मंजूर होतो. एप्रिलमध्ये गाव टँकर मागेल. प्रस्ताव वरून परत येईल आणि सोबत तुमचाच अहवाल जोडलेला असेल: भूजल मुबलक, पातळीत ३.९ मीटर वाढ. सरपंच तुमच्या दारात उभे राहतील. त्यांना आधी चहा द्या. मग वही काढा. मोटर धो धो चालू असताना मोजलेला आकडा त्यात आहेच.